त्रेसष्टावी

रेशीमबागेच्या मैदानावर चुन्याच्या रेघा,
वाळू भरलेल्या पोत्यांचे तीन तळ,
आणि घरच्या तळाला लाकडाचा पाट.
पाटामागे उकिडवा श्रावण निखारे,
कॅचर.
मी टिनाच्या शेडखाली, वहीवर वीट ठेवून.
मे महिन्यातल्या वावटळीला
आकडे उडवायची सवय होती.

तांडापेठेत त्याचा बाप
मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसे.
म्हणे, सूत तुटल्यावर तं कोणालेही दिसते,
तुटाच्या आधी दिसलं पायजे.
पोराचे पाय मात्र सकाळपासून घडी घातलेले.
कॅचर पळतो, लोक हसायचे,
भरलेलं सिलिंडर गडगडत नेल्यासारखा.

हा तसा नव्हता.
दिवसभर पाटामागे बसून
पिचरांचे खांदे वाचून ठेवलेले.
कोण श्वास कुठे अडवतो,
कोणाची टाच आधी खोटं बोलते.
मग स्वतः पहिल्या तळावर उभा राहिला की
खांदा हलायच्या आतच
दुसऱ्या पोत्यापाशी धुरळा.
मी गोल काढायची, गोलात च.
च म्हणजे चोरी.
दुसऱ्यांच्या चोऱ्या अडवण्याचा त्याचा रकाना वेगळा होता,
तो कोणी मागितला नाही कधी.

अकरा हंगाम.
उजव्या हाताची करंगळी
आता कुठल्याच बोटाजवळ जात नाही.
महानगरपालिकेत लागला, पाणी खात्यात.
पहाटे चारला गांधीबागेत व्हॉल्व्ह फिरवायचा,
गुडघे कुरकुरले की
पाण्याच्या आवाजात झाकले जायचे.

परवा आला. सांबारवडीचा पुडा घेऊन.
मैदानात म्हणे फळा लागतोय,
पेंटर ठरलाय, नाव सगळ्यात वर:
श्रावण निखारे, त्रेसष्ट.
खुर्ची नको म्हणाला,
खाली बसला, जुन्या सवयीनं, आणि
अर्ध्यातच कळवळून मांडी घातली.

ताई, बासष्ट.

मी वही काढली. अकोल्याचा सामना,
सातवा डाव, तिसरा तळ.
गोल. च.
काहून बासष्ट?
चेंडू मातीत पडला, तो सांगू लागला,
त्याहीच्या कॅचरच्या पॅडले लागून बाजूले गेला.
ते पायलं मी.
आन मंग निंगालो.
तुमाले वाटलं आधी निंगालो.

नियम मला पाठ आहे.
चेंडू निसटायच्या आधी पाय उचलला तर चोरी.
नंतर उचलला तर ती नुसती
समोरच्याची चूक.
मधे किती वेळ असतो?
पापणी लवते तेवढाही नसेल.
पण मी तेव्हा तुझा खांदा पाहिला होता, म्हटलं,
झुकला होता.
तो म्हणाला, झुकला असन.
पाय नव्हता उचलला.

मी काही बोलले नाही.
त्या दुपारी मी काय पाहिलं
आणि काय पाहायचं ठरवूनच बसले होते,
हे एवढ्या वर्षांनी
विटेखालच्या वहीला कोण विचारणार.

मग वडी मोडता मोडता म्हणाला,
वर्ध्याचा तो अशोक कोल्हे आठवते?
डावखुरा. बासष्टवर राहिला.
त्रेसष्टाव्याले पळाला तं
मीच फेकून मारला होता त्याले, दुसऱ्या तळावर.
लय साजरा थ्रो होता तो.
हसला. करंगळी हसली नाही.

मी खोडरबर शोधलं. च गेला,
पण पेन्सिल तेव्हा दाबून चालायची माझी.
पानामागून बोट फिरवलं तर
अजून लागतो.

उठताना त्यानं दाराची चौकट धरली,
एकदा थांबला, पुन्हा धरली,
मग उभा झाला.
ज्या माणसाला मी धुळीत पडून
त्याच धक्क्यानं उभा होताना
बासष्ट वेळा
लिहिलं आहे.

संध्याकाळी पेंटरचा फोन.
मॅडम, एका ओळीत दोन नावं म्हटल्यावर
अक्षर बारीक करा लागन.
चालते ना?